प्रकल्प नोंदी: मीटर-वाचकाच्या बिल्डमध्ये आपलं स्वतःचं रिकर्सिव्ह टार्गेट

(मॅक्रो, व्हेरिएबल आणि कमांडची नावं नोंदीत देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन आहेत. मॅक्रो आणि ऑटोमेकची व्हेरिएबल कॅपिटलमध्ये, शब्दांच्या मधे अंडरस्कोर.)

3 जून 2024, वागळे इस्टेट, ठाणे

प्रकल्पाची आजची स्थिती. आरएस-485 (तारेवरचा सीरियल दुवा) वरून मॉडबसने (उपकरणांची संवादपद्धत) वीजमीटर वाचणारा सी भाषेतला संच. फोल्डर असे: लिब, लिब/मॉडबस, डिमन, टूल्स, डिस्प्ले (ऐच्छिक), टेस्ट्स आणि भाषांतरांसाठी पीओ. बिल्ड ऑटोकॉन्फ-ऑटोमेकवर चालतो: ऑटोकॉन्फ कॉन्फिगर.एसीवरून कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवतो, ऑटोमेक मेकफाइल.एएमवरून मेकफाइल.इन, आणि कॉन्फिगर चालवलं की तिची मेकफाइल होते. वरची फाइल धरून एकूण 7 मेकफाइल.एएम आहेत. पीओमध्ये मेकफाइल.एएम नाही, ते फोल्डर गेटटेक्स्टचं (संदेशांची भाषांतरं सांभाळणारं साधन).

काम एकच, रिकर्सिव्ह टार्गेट, म्हणजे वरून दिलं की आतल्या प्रत्येक फोल्डरात चालणारं टार्गेट: वरून 'मेक लिंट' म्हटलं की प्रत्येक फोल्डरातल्या सी फाइली सीपीपीचेकने (कोड न चालवता त्यातले दोष शोधणारं साधन) तपासल्या गेल्या पाहिजेत, आणि कुठेही दोष निघाला तर मेकने अपयश कळवलं पाहिजे.

सध्या वरच्या मेकफाइल.एएममध्ये हाताने लिहिलेला लूप आहे:

लिंट:
    फॉर डी इन लिब डिमन टूल्स; डू (सीडी $$डी && मेक लिंट); डन

दोन ओळींत चार चुका आहेत.

पहिली, यादी हाताने लिहिलेली. टेस्ट्स नंतर आलं, यादीत कोणी घातलंच नाही, म्हणून ते आजवर एकदाही तपासलं गेलेलं नाही. लिब/मॉडबसचीही तीच गत, कारण लिबच्या फाइलीत पुढचा लूप नाही.

दुसरी, लूपमध्ये '|| एक्झिट 1' नाही. शेलच्या फॉर लूपचा एक्झिट कोड म्हणजे शेवटच्या फेरीचा कोड. लिबमध्ये दोष निघाला आणि टूल्स स्वच्छ असलं, तर मेक शून्य परत करतो.

तिसरी, आत नुसतं 'मेक' लिहिलंय, $(मेक) नाही. त्यामुळे 'मेक -एन लिंट' (-एन: कमांड नुसत्या छाप, चालवू नको) दिलं तर आतल्या फोल्डरांत कोणी उतरतच नाही, आणि -जे4 (एका वेळी चार कामं) दिलं तर आतला मेक जॉबसर्व्हर (समांतर कामं वाटून देणारी मेकची सोय) सापडत नसल्याची सूचना देऊन एकेक काम करत बसतो.

चौथी, -के (दोष आला तरी पुढे जा, शेवटी अपयश कळव) पाळलं जात नाही.

हाताची यादी काढून तिथे $(सबडिर्स), म्हणजे ऑटोमेकची आतल्या फोल्डरांची यादी, घालून पाहिलं. आमच्या वरच्या फाइलीत सबडिर्समध्ये टेस्ट्सच्या आधी टिंब आहे. टिंब म्हणजे हेच फोल्डर, तेव्हा लूप स्वतःलाच पुन्हा बोलावत राहिला आणि थांबेना. हा रस्ता इथेच सोडला.

4 जून, वागळे इस्टेट

योग्य साधन ऑटोमेकमध्येच आहे: एएम_एक्स्ट्रा_रिकर्सिव्ह_टार्गेट्स. ते 1.13 मध्ये आलं, म्हणजे डिसेंबर 2012 मध्ये. आमच्याकडे दोन बिल्ड मशीन आहेत. महापेचं डेबियन 12, त्यावर ऑटोमेक 1.16.5. इथलं वागळेचं सेंटओएस 7, त्यावर 1.13.4. म्हणजे मॅक्रो दोन्हीकडे आहे. पण इन्क्लूड केलेल्या फाइलीचा फोल्डर आपोआप भरून देणारं %रेलडिर% 1.14 पासूनचं, ते इथे चालणार नाही. लिहिताना हे लक्षात ठेवायचं.

कॉन्फिगर.एसीमध्ये केलेला बदल:

एएम_इनिट_ऑटोमेक([1.13 फॉरिन])
एएम_एक्स्ट्रा_रिकर्सिव्ह_टार्गेट्स([लिंट])

1.13 हा आकडा मुद्दाम लिहिला. तो नसेल तर जुन्या ऑटोमेकवर 'पॉसिबली अनडिफाइन्ड मॅक्रो' एवढीच तक्रार येते, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

यानंतर प्रत्येक मेकफाइल.एएममध्ये 'लिंट-लोकल' नावाचा रूल लिहायचा. 'लिंट', 'लिंट-एएम' आणि 'लिंट-रिकर्सिव्ह' ऑटोमेक स्वतः तयार करतो, त्यांना हात लावायचा नाही. '-हुक' ची सोय या टार्गेटांना नाही, फक्त '-लोकल'.

एकापेक्षा जास्त टार्गेट हवी असतील तर एकाच चौकटी कंसात, मधे मोकळी जागा सोडून. स्वल्पविराम चालत नाही: कंसाबाहेर दिला तर दुसरं नाव वाचलंच जात नाही, आत दिला तर तो नावालाच चिकटतो.

5 जून, महापे

तयार झालेली मेकफाइल.इन उघडून रिकर्शनचा भाग वाचला. टीममधल्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा, 25-30 ओळींचाच आहे. त्यातून निघालेलं:

फोल्डरांची यादी सबडिर्समधून येते. फक्त डिस्टक्लीन आणि मेंटेनर-क्लीन या साफसफाईच्या टार्गेटांसाठी डिस्ट_सबडिर्स (ऐच्छिकही धरून सगळी फोल्डर) वापरलं जातं. परिणाम असा की डिस्प्ले बंद ठेवून कॉन्फिगर केलं तर लिंट डिस्प्लेत शिरत नाही आणि त्याबद्दल एक शब्दही बोलत नाही. रात्रीच्या तपासणीत --एनेबल-डिस्प्ले आजपासून सक्तीचं.

क्रम: आधी आतली फोल्डर, शेवटी स्वतः. सबडिर्समध्ये टिंब असेल तर स्वतःची पाळी टिंबाच्या जागी येते. टिंब आलं की 'लिंट' न बोलावता 'लिंट-एएम' बोलावलं जातं. परवाच्या आपल्या लूपमध्ये नेमकं हेच नव्हतं.

फोल्डरांमधला प्रवास शेलच्या लूपने होतो, म्हणून -जे8 दिलं तरी फोल्डर एकामागून एकच. समांतर काम होतं ते एका फोल्डरच्या आत, तेही तिथे वेगवेगळी टार्गेट असतील तरच.

-के नीट पाळलं जातं: सगळी फोल्डर फिरून होतात आणि शेवटी अपयश कळवलं जातं.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे. ज्या फोल्डरात लिंट-लोकल लिहिलेलं नाही तिथे ऑटोमेक रिकामा लिंट-लोकल रूल घालतो. सोय म्हणून हे योग्यच आहे, नाहीतर प्रत्येक फोल्डरात रिकामा रूल लिहावा लागला असता. पण नावात एक अक्षर चुकलं, हायफनच्या जागी अंडरस्कोर पडला, की रिकामा रूल चालतो आणि मेक शून्य परत करतो. टूल्समध्ये आज हेच निघालं: 'लिंट_लोकल' लिहिलं होतं. पडद्यावर 'मेकिंग लिंट इन टूल्स' छापून आलं आणि तपासलं काहीच गेलं नाही.

तात्पुरती खात्री अशी करायची: 'मेक क्लीन' नंतर 'मेक -एन लिंट' चालवून सीपीपीचेकच्या ओळी मोजायच्या. रिकर्शनच्या रेसिपीत (रूलखालच्या कमांडींत) $(मेक) असल्यामुळे -एन असतानाही मेक आतल्या फोल्डरांत उतरतो आणि आतल्या रेसिपी नुसत्या छापतो. आकडा सी फाइलींच्या संख्येशी जुळला पाहिजे.

6 जून, महापे

लिंट ऐच्छिक ठेवण्यासाठी मॅक्रो शेलच्या इफमध्ये घालून पाहिला. कॉन्फिगर चालवताच 'सिंटॅक्स एरर निअर अनएक्स्पेक्टेड टोकन फाय'. कारण सरळ आहे: हा मॅक्रो विस्तारल्यावर काहीच उरत नाही. तो आहे तो फक्त ऑटोमेकला ट्रेस करता (कॉन्फिगर.एसी वाचताना टिपता) यावा म्हणून. थेन आणि फाय यांच्यामध्ये काही राहिलं नाही, शेल अडखळलं. एएस_इफ वापरलं तर एरर येत नाही, पण उपयोगही नाही. ट्रेस होतो ऑटोमेक चालताना, कॉन्फिगरच्या अटी त्यानंतरच्या. त्याच कारणाने नावाच्या जागी शेल व्हेरिएबल चालत नाही, नाव अक्षरशः लिहावं लागतं.

तेव्हा टार्गेट कायम राहील, अट रूलमध्ये जाईल. कॉन्फिगरमध्ये एसी_पाथ_प्रॉग ने सीपीपीचेक शोधायचा, एएम_कंडिशनल लावायचं, आणि साधन नसेल तर लिंट-लोकलने स्पष्ट संदेश देऊन एक्झिट 1 करायचं. साधन नाही म्हणून गुपचूप यशस्वी होणारा लिंट ठेवायचा नाही.

10 जून, वागळे इस्टेट

पीओ फोल्डरात अडलं: 'नो रूल टू मेक टार्गेट लिंट'. पीओची मेकफाइल ऑटोमेक बनवत नाही, ती गेटटेक्स्टच्या मेकफाइल.इन.इन मधून येते. नेहमीची टार्गेट तिथे आहेत, आपलं नवीन तिला ठाऊक नाही. (एसी_कॉन्फिग_सबडिर्सने आणलेलं दुसऱ्याचं पॅकेज सबडिर्समध्ये असेल तर लक्षण हेच दिसेल.)

मेकफाइल.इन.इन मध्ये हात घालायचा नाही, गेटटेक्स्ट अद्ययावत केलं की बदल पुसला जातो. पीओ फोल्डरातल्या 'रूल्स-' ने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली मेकफाइलच्या शेवटी जोडल्या जातात, त्या सोयीचा उपयोग केला. नवी फाइल पीओ/रूल्स-लिंट:

डिस्टफाइल्स.कॉमन.एक्स्ट्रा2 = रूल्स-लिंट
.फोनी: लिंट
लिंट:
    @आरसी=0; लिस्ट='$(पीओफाइल्स)'; \
    फॉर एफ इन $$लिस्ट; डू \
      $(एमएसजीएफएमटी) -सी -ओ /डेव्ह/नल $$एफ || आरसी=1; \
    डन; एक्झिट $$आरसी

पहिली ओळ नसेल तर ही फाइल टारबॉलमध्ये (वाटपाच्या सोर्सच्या गठ्ठ्यात) जात नाही. एक्स्ट्रा1 घ्यायचं नाही, ते रूल्स-क्वोटने घेतलेलं असतं.

रिकामा रूल ठेवूनही भागलं असतं, पण एमएसजीएफएमटीचा -सी (भाषांतर फाइल तपासणारा पर्याय) मराठीसाठी फार कामाचा आहे. 'इतक्यापैकी इतके मीटर वाचले' या वाक्यात मराठीत आकड्यांचा क्रम इंग्रजीच्या उलटा येतो, म्हणून '%2$डी पैकी %1$डी मीटर वाचले' असं क्रमांक घालून लिहावं लागतं. एका जागी क्रमांक आणि दुसऱ्या जागी नुसतं %डी राहिलं होतं. तपासणीत ते लगेच पकडलं गेलं. क्रमांक मुळीच न घालता शब्द मात्र मराठी क्रमाने लिहिले तर -सी ला ते कळत नाही, दोन्ही पूर्णांकच असल्यामुळे त्याच्या दृष्टीने सगळं बरोबर. ते भाषांतर करणाऱ्यानेच पाहायचं.

12 जून, वागळे इस्टेट

एकच रूल 6 ठिकाणी चिकटवण्यापेक्षा बिल्ड-ऑक्स/लिंट.एएम अशी फाइल केली आणि प्रत्येक मेकफाइल.एएममध्ये:

क्लीनफाइल्स =
लिंट_सोर्सेस = फ्रेम.सी सीआरसी.सी
इन्क्लूड $(टॉप_एसआरसीडिर)/बिल्ड-ऑक्स/लिंट.एएम

रिकामी 'क्लीनफाइल्स =' ओळ अनावश्यक वाटून कोणी काढू नये. आतल्या फाइलीत += आहे, आणि आधी = नसेल तर ऑटोमेक तिथेच थांबतो. इन्क्लूड केलेली फाइल टारबॉलमध्ये आपोआप जाते, एक्स्ट्रा_डिस्टमध्ये घालायची गरज नाही.

सीपीपीचेकबद्दल: --एरर-एक्झिटकोड=1 दिल्याशिवाय तो कितीही दोष सापडले तरी शून्य परत करतो. जुन्या लूपमध्ये हेही नव्हतं.

पहिल्या रूपात प्रत्येक फाइलीचा अहवाल '> $@' ने थेट टार्गेट फाइलीत लिहिला. तपासणी फसली की मेक थांबतो खरा, पण अर्धीमुर्धी अहवाल फाइल मागे राहते. दुसऱ्यांदा 'मेक लिंट' म्हटलं की मेकला टार्गेट ताजं दिसतं आणि सगळं हिरवं! दोष आहे तसाच. दुपारी पावसात वीज गेली तेव्हा दुसरी बाजूही दिसली: सिग्नलने थांबवलं तर मेक अर्धवट टार्गेट पुसतो, पण वीजच गेली तर पुसणार कोण? अहवाल फाइली बंद. उद्या स्टॅम्प (तपासणी पार झाल्याची खूण म्हणून रिकामी फाइल).

13 जून, महापे

लिंट.एएमचं आजचं रूप (साधन नसल्याची अट गाळून):

सफिक्सेस = .लिंट
लिंट_स्टॅम्प्स = $(लिंट_सोर्सेस:.सी=.लिंट)
क्लीनफाइल्स += $(लिंट_स्टॅम्प्स)

.सी.लिंट:
    @$(एमकेडिर_पी) $(@डी)
    $(एएम_व्ही_जेन)$(सीपीपीचेक) --क्वाएट --एरर-एक्झिटकोड=1 --एनेबल=वॉर्निंग,पोर्टेबिलिटी $(एएम_सीपीपीफ्लॅग्ज) $<
    @टच $@

लिंट-लोकल: $(लिंट_स्टॅम्प्स)

टच वेगळ्या ओळीत आहे. आधीची ओळ फसली तर तो चालत नाही, स्टॅम्प बनत नाही, पुढच्या वेळी फाइल पुन्हा तपासली जाते. वीज गेली तरी हेच.

टक्क्याचा पॅटर्न रूल मुद्दाम टाळला. तो ग्नू मेकपुरता, आणि पोर्टेबिलिटीच्या सूचना चालू असतील तर ऑटोमेक तक्रार करतो. सफिक्स रूलला (वरचा .सी.लिंट) दुसरा फायदा असा की सोर्स एका फोल्डरात आणि बिल्ड दुसऱ्यात असेल तेव्हा $< मध्ये योग्य वाट आपोआप येते. पूर्वीच्या लूपमध्ये त्यासाठी $(एसआरसीडिर) जोडण्याची खटपट होती. एमकेडिरची ओळ सोर्सच्या नावात उपफोल्डर असेल तेव्हासाठी, वेगळ्या बिल्ड फोल्डरात तो आधीपासून असेलच असं नाही.

आता -जे4 चा उपयोगही दिसतो, कारण एका फोल्डरातली प्रत्येक फाइल स्वतंत्र टार्गेट झाली.

किंमत एक मोजावी लागली: फाइलनिहाय तपासणीत न वापरलेली फंक्शन सापडत नाहीत, त्याला सगळा सोर्स एकदम लागतो. ते वेगळं, महिन्यातून एकदा, हाताने.

14 जून, महापे

ताज्या क्लोनवर (सोर्सच्या नव्या प्रतीवर) लिंट हिरवा, पूर्ण बिल्डनंतर त्याच सोर्सवर लाल. लिब/मॉडबसमध्ये रजिस्टरांच्या तक्त्याचं हेडर सीएसव्हीवरून ऑक (मजकुरावर काम करणारी कमांड) तयार करतं आणि ते बिल्ट_सोर्सेसमध्ये (आधी तयार करायच्या फाइलींच्या यादीत) आहे. पण बिल्ट_सोर्सेस ऑल, चेक, इन्स्टॉल अशा ठरावीक टार्गेटांनाच लागू होतं. आपल्या लिंटला ते माहीत नाही. ताज्या क्लोनवर हेडर नव्हतं, आणि हेडर सापडलं नाही म्हणून सीपीपीचेक थांबत नाही. ती त्याच्या लेखी केवळ माहिती असते आणि एरवी छापलीही जात नाही. अ‍ॅरेचं माप सांगणारे मॅक्रो त्याला दिसलेच नाहीत, त्यामुळे मर्यादेबाहेरचं लिहिणंही दिसलं नाही.

दुरुस्ती:

$(लिंट_स्टॅम्प्स): $(बिल्ट_सोर्सेस) $(लिंट_एच_फाइल्स)

ही ओळ स्टॅम्पवरच हवी. 'लिंट-लोकल: $(बिल्ट_सोर्सेस)' असं लिहिलं तर -जे मध्ये हेडर आणि तपासणी शेजारी शेजारी सुरू होतात, आणि कधी बरोबर, कधी चूक असा खेळ होतो. लिंट_एच_फाइल्समध्ये त्या फोल्डरातली हेडर लिहायची. नाहीतर हेडर बदललं तरी स्टॅम्प जुनाच ताजा समजला जाईल.

एक मर्यादा राहते. डिमनला लिब/मॉडबसचं हेडर लागतं. वरून चालवलं तर लिब आधी येतं म्हणून ठीक. ताज्या क्लोनवर थेट डिमनमध्ये जाऊन 'मेक लिंट' करू नये.

18 जून, वागळे इस्टेट

लिंट 'मेक चेक' ला जोडला. वरच्या आणि लिबच्या फाइलीत कोणीतरी 'चेक-लोकल: लिंट' लिहिलं होतं. चेक स्वतः रिकर्सिव्ह आहे, लिंटही रिकर्सिव्ह. प्रत्येक पातळीवर असं लिहिलं की लिब/मॉडबस तीनदा फिरलं जातं: एकदा स्वतःच्या चेकमधून, एकदा लिबच्या, एकदा वरच्या. स्टॅम्प असल्यामुळे पुन्हा तपासणी होत नाही, फेरी मात्र होते. बरोबर रूप:

चेक-लोकल: लिंट-लोकल

आणि तेही लिंट.एएममध्ये, --एनेबल-लिंटच्या अटीत. टारबॉल घेऊन 'मेक चेक' करणाऱ्याकडे सीपीपीचेक असलाच पाहिजे असा हट्ट नको. डिस्टचेकमध्ये (टारबॉल उलगडून पूर्ण बिल्ड आणि तपासणी करणारं टार्गेट) तो चालावा म्हणून वरच्या फाइलीत एएम_डिस्टचेक_कॉन्फिगर_फ्लॅग्ज = --एनेबल-लिंट.

डिस्टचेक पहिल्याच फेरीत पार. सोर्स तिथे फक्त वाचण्यापुरता असतो, पण स्टॅम्प बिल्ड फोल्डरात पडतात आणि क्लीनफाइल्समुळे पुसले जातात. क्लीनफाइल्सची ओळ काढून मुद्दाम पाहिलं: 'एरर: फाइल्स लेफ्ट इन बिल्ड डिरेक्टरी आफ्टर डिस्टक्लीन'. हवं तसंच.

21 जून, महापे

रिकाम्या रूलचा प्रश्न कायमचा मिटवला. वरच्या मेकफाइल.एएमच्या लिंट-लोकलमध्ये: सोर्समधल्या सगळ्या मेकफाइल.एएम शोधायच्या, ग्रेप -एल (कॅपिटल) ने ज्यांत 'लिंट.एएम' हे शब्द नाहीत त्यांची नावं काढायची, यादी रिकामी नसेल तर ती छापून एक्झिट 1. निर्णय ग्रेपच्या एक्झिट कोडवर सोडायचा नाही. या पर्यायाचा कोड ग्रेप 3.2 मध्ये उलटला आणि 3.5 मध्ये पूर्ववत झाला. छापलेल्या यादीवरच ठरवायचं.

इन्क्लूड आहे पण लिंट_सोर्सेस रिकामं, हीही तशीच पळवाट. लिंट.एएमच्या लिंट-लोकलला रेसिपी दिली: यादी रिकामी असेल तर फोल्डरचं नाव सांगून अपयश. वरच्या फोल्डरात सी फाइल नाही, म्हणून तिथे लिंट.एएम घेतलेली नाही. लिंट.एएमचं नाव ग्रेपच्या ओळीत आपोआप असल्यामुळे शोधात वरची मेकफाइल.एएम अडकत नाही.

टूल्समध्ये पुन्हा 'लिंट_लोकल' करून, मग इन्क्लूड काढून, मग यादी रिकामी करून पाहिलं. पहिल्यात आता फरक पडत नाही, खरा रूल लिंट.एएममधून येतो. पुढच्या दोन्हींत लाल.

27 जून, वागळे इस्टेट

सेंटओएस 7 चा आधार 30 जूनला संपतोय. इथलं मशीनही डेबियन 12 वर नेलं. ताजा क्लोन, ऑटोरीकॉन्फ -आय, --एनेबल-लिंट --एनेबल-डिस्प्ले, मग 'मेक -के -जे4 लिंट' आणि 'मेक डिस्टचेक', दोन्ही पार. इथे आणि महापेला 'मेक -एन लिंट' मधल्या ओळींचा आकडा एकच.

कॉन्फिगर.एसीतला 1.13 तसाच ठेवलाय. %रेलडिर% वापरायला घेतलं तर त्याच कमिटमध्ये तो 1.14 करायचा.

बाकी: डिस्प्लेची लिंट_एच_फाइल्स यादी भरलेली नाही, आणि पीओ/रूल्स-लिंट डिस्टचेकच्या टारबॉलमध्ये आहे हे पाहिलं, पण टारबॉलवरून 'मेक लिंट' अजून चालवून पाहिलेलं नाही.